वाकड्या पाठीचा शर्ट

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा निवेपर्यंत ऐका. आष्ट्यात माझं शिलाईचं दुकान. सगळा जन्म लोकांच्या पाठी मोजण्यात गेला, आणि फसलो तो घरच्याच पाठीला!

माझी नात गौरी. शाळेतून आली की माझ्या मशीनशेजारी चिंध्यांच्या ढिगावर निजायची. तोंड उघडं. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकातून तिच्या गालावर उतरायचं. मशीन घुरघुरायचं, तिचा श्वासही तसाच घुरघुरायचा. त्या आवाजात मलाच पेंग यायची. काय गोड वाटायचं म्हणून सांगू!

पण शाळेचा शर्ट काही तिला बसेना. मागून वर चढायचा, कॉलर मानेपासून सुटायची. शिंप्याच्या नातीचा शर्ट असा? छे! मी मागचा भाग लांब केला, पुढचा आखूड केला, गळा पुढं सरकवला. अहाहा, काय बसला म्हणता!

सून सुरेखा म्हणाली, "आवं आबा, पोरगी वाकलीया. शर्टाला काय करताय?"

"दप्तर जड हाय गं. शर्ट बघ की, एक सुरकुती न्हाई!"

शेवटी तीच आम्हा दोघांना सांगलीला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी समजावलं. नाकामागं मांस वाढलंय, म्हणून पोर तोंडानं श्वास घेते. तो नीट आत यावा म्हणून मान पुढं काढते. मानेमागं खांदे येतात, खांद्यांमागं पाठ वाकते. त्यांनी ऑपरेशन केलं, व्यायाम दिले. काही महिन्यांत गौरी तोंड मिटून निजायला लागली. दुकान एकदम शांत शांत झालं.

आधी धाप लागते म्हणून तिला लेझमीत कुणी घेत नव्हतं. यंदा गॅदरिंगला थेट पहिल्या रांगेत! पोरगी हरखून गेली. पांढरा शर्ट हवा होता. आपल्याच नातीचं माप परत कशाला घ्यायचं? तोच गळा सरकवलेला जुना शर्ट मापाला ठेवला, त्यावरून कापलं, शिवलं.

कार्यक्रमाच्या सकाळी तिनं तो घातला. बघतो तर मागं पोतं लोंबतंय, पुढं पोट उघडं! तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, तुमी पोर उलटी वाकवली की वो!"

"आबा, घाबरू नका. तिला भिंतीला लावून उभी करा बघू. टाचा, पाठ, डोकं टेकतंय?"

टेकलं. सगळं टेकलं. ओठ मिटलेले, मान वर. चुन्याच्या भिंतीपुढं ती अशी उभी होती की मी फोन कानाला धरून नुसता बघतच राहिलो. एवढी उंच होती होय ही?

"आबा, ऐकताय ना? पोरगी सरळ झालीय. आता तुमचा शर्ट तपासा!"

गौरी रडायला लागली. "आबा, आता शाळेतल्या बाई मला मागच्या रांगेत उभी करतील!"

सुरेखा पळत पेठेत गेली आणि रेडिमेड शर्ट घेऊन आली. शिंप्याच्या नातीला रेडिमेड! आणि मेला बसला कसा? जणू तिच्याच अंगावर कापलेला.

मैदानात लेझीम छमछमली. धूळ सोनेरी होऊन वर तरंगत होती आणि तिच्यात माझी गौरी ताठ मानेनं नाचत होती. कितीतरी वेळ मला दुसरं काही दिसेना.

शेजारच्या हणमंतानं कोपरखळी मारली. "गड्या, शर्ट लय झ्याक बसलाय. हात तुझाच!"

मी गौरीवरची नजर काढली नाही. हळूच म्हणालो, "व्हय रं. नातीचं माप मला डोळं मिटून जमतंय."