मधल्या रेघेच्या पलीकडं प्रल्हादकाका

प्रल्हादकाका आज पहाटे गेले.
क्लबमध्ये त्यांना आम्ही चार वर्षांपूर्वीच एकटं पाडलं होतं. त्यात मीबी होतो.

सकाळपासून ग्रुपवर "लय चांगला माणूस" पडायलंय. फुलं, जोडलेले हात, मेणबत्त्या.
अरे, इतकी वर्षं कुठं होता रे सगळे? मी तरी कुठं होतो?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका म्हणजे परभणीतल्या आमच्या लाल-काळ्या जर्सीच्या फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी. वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. स्वतः कधी बॉलला पाय लावला नाही, पण दर रविवारी सकाळी ग्राउंडवर चुन्याच्या रेघा तेच मारायचे. दोरी लावून, वाकून, एकटे.

कुणी मदतीला गेलं की म्हणायचे, "तू खेळ बाबा. तुझी रेघ सापावानी जाती."

आमच्या क्लबात मतदान हात वर करून कधी झालंच नाही. ही काकांनीच पाडलेली पद्धत. मोठा निर्णय असला की खेळाडू, सपोर्टर, सगळ्यांनी ग्राउंडवर यायचं. होकार असेल त्यानं मधल्या रेघेच्या अलीकडं, स्टेशनच्या बाजूला उभं राहायचं. नकार असेल त्यानं पलीकडं, लिंबाच्या झाडाच्या बाजूला. जिकडं माणसं जास्त, तो निर्णय. नंतर कुरकुर करायची नाही.

"हात कुणीबी मागून हळूच वर करतंय," काका म्हणायचे. "पाय लपवता येत न्हाईत."

चार वर्षांपूर्वी एक प्लॉटिंगवाले शेठ आले. म्हणाले, क्लब माझ्याकडं द्या. बूट देतो, कोच देतो, बाहेरगावच्या स्पर्धांना गाडी देतो. नाव तेवढं माझ्या कंपनीचं लागेल.

महिनाभर चहाच्या टपरीवर नुसती भांडणं.
सलीम आमचा कॅप्टन. तो म्हणायचा, "किती दिवस परभणीतच कप उचलायचे यार? क्लब मोठा व्हायला नको का?"
मी गोलकीपर. सलीमच्या बाजूनं मी त्याच्यापेक्षा जास्त तावातावानं बोलायचो.
काका फिरून फिरून एकच विचारायचे, "उद्या शेठचा मूड गेला तर क्लब कुणाचा?"

एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर बोलून गेलो.
"काका, तुमाला चुन्याच्या डब्यापुढं दुनियाच दिसत न्हाई. तुमच्यामुळं पोरं हितंच सडायलीत."
सगळे हसले.
काकांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि सायकल काढली.

त्या रविवारी मतदान होतं. मधली रेघ त्यांनीच मारली. एकदम सरळ.
आधी सलीम गेला, मग मी, मग भराभर सगळेच स्टेशनच्या बाजूला.
लिंबाच्या बाजूला काका एकटे. हातात डबा तसाच.
मी त्यांच्याकडं बघून हसलो होतो. मॅच जिंकल्यावर हसतो तसं. आता लिहितानाबी लाज वाटायलीय.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे.
पहिल्या वर्षी बूट आले, कोच आला, फोटो निघाले. दुसऱ्या वर्षी बाहेरचे खेळाडू आले आणि सलीम बेंचवर बसला. तिसऱ्या वर्षी शेठनी टीमच बंद केली.
विचारायला गेलो तर ऑफिसातला माणूस म्हणतो, "क्लब साहेबांचा आहे. तुमी कोण?"
जुन्या नावानं स्पर्धेत उतरावं म्हणलं, तर नावबी आमचं राहिलं नव्हतं.

मग आम्ही काय केलं? काकांनाच बोल लावला! सेक्रेटरी होते, सही त्यांचीच होती, मग दिली कशाला?
"शेठनं मॅनेज केलं असेल म्हाताऱ्याला," असंबी एक जण बोलला.
मी तिथंच होतो. ऐकून घेतलं. "गप बस" एवढंसुद्धा म्हणलो नाही.

काका टपरीवर यायचे बंद झाले. ग्राउंडवर मात्र जायचे.
सहा महिन्यांपूर्वी मी गाडीवरून चाललो होतो, तर रिकाम्या ग्राउंडवर ते रेघ मारत होते.
"कुणासाठी मारायलाव काका?"
"आलं कुणी तर?" म्हणाले.
मी गाडी बंदसुद्धा केली नाही. "बरंय, येतो" म्हणून निघून आलो. तेच शेवटचं.

आज दुपारी सगळं उरकून आल्यावर काकांच्या सुजातानं, त्यांच्या मुलीनं, मला बाजूला बोलावलं.
"दादा, शेठचा माणूस कागद घेऊन दोनदा घरी आला होता. बाबांच्या सहीबिगर क्लब जात नव्हता. मी म्हणलं, करू नका सही. कोण काय करणार हाय?"
"मग?"
"बाबा म्हणले, पोरं रेघेच्या तिकडं गेली. आता मी एकट्यानं अडवला तर क्लब माझ्या एकट्याचा झाला. मग शेठमधी आन् माझ्यात फरक काय?"

मी विचारलं, "लोक मागं काय बोलायचे, ते त्यांना कळलं होतं का?"
"कळलं होतं," ती म्हणाली. आणि पाहुण्यांना पाणी द्यायला आत गेली.

मी तिच्याकडून चुन्याचा डबा आणि दोरी मागून आणलीय.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता ग्राउंडवर या. भाषण नाही, हार नाही. मधली रेघ मी मारून ठेवतो. वाकडी आली तर आली. सगळ्यांनी लिंबाच्या बाजूला उभं राहायचं.
त्यानं क्लब परत येणार नाही. काकाबी येणार नाहीत. मला माहीत आहे. तरी या.

काका, त्या दिवशी तुमच्या बाजूला एक जण तरी यायला पाहिजे होता. मी यायला पाहिजे होतो.

शेवटचा जयभीम.