डस्टीची नदी

वेंडेल हॅस्किन्सच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला बूड टेकायच्या आत भिंतीपाशी नेलं जायचं. पश्चिमेच्या खिडकीसमोर एक फ्रेम होती. तिच्यात संगणकाची एक जुनी चिप, आणि चिपच्या पाठीवर नखाएवढी काच. "आत बघ, नदी आहे," वेंडेल म्हणायचा. पाहुणा बिचारा डोळे बारीक करून बघायचा, "वा" म्हणायचा आणि गार चहा मागायचा.

नदी होती डस्टी सशाच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागातली. पहिला भाग पोरांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्यात ससा जमिनीखाली उतरायचा, आणि तिथल्या नदीचं पाणी वेंडेलनं असं घडवलं होतं की बांध घातला की तुंबायचं, फोडला की धावत सुटायचं. त्या वेळच्या यंत्रांवर हे कुणाला जमलं नव्हतं. त्यात वेंडेलची ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि बायकोही गेली, सॅक्रामेंटोच्या एका दातांच्या डॉक्टरबरोबर. मग कंपनीच्या मालकाच्या डोक्यात मासेमारीचा खेळ शिरला आणि ससा रद्द झाला.

कंपनी महाचिकट. नव्या चिपा विकत घेणं जिवावर यायचं, म्हणून जुन्याच निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवायच्या. पाठीवरच्या काचेतून उजेड आत गेला की आतलं सगळं पुसलं जायचं, झाली चिप कोरी. ज्या चिपमध्ये काम आहे तिच्या काचेवर कागदी पट्टी चिकटवायची, हे नव्या माणसाला संडास कुठे ते दाखवण्याआधी शिकवलं जाई. सशाच्या सगळ्या चिपा पुसायचं काम वेंडेलचा सहकारी ड्वेन प्रूइट याच्या गळ्यात पडलं. नदीची एक तेवढी वेंडेलनं जेवणाच्या डब्यातून पळवली. ड्वेनला मात्र तेव्हापासून त्यानं 'कसाई'खेरीज दुसरं नाव दिलं नाही, आणि त्याच्याशी बोलणंही सोडलं.

पुढे म्हातारा मालक कुठल्याशा मुलाखतीत हसत बोलून गेला, "दुसरा भाग? दोन-चार चित्रं होती हो. खेळ कुठला आलाय!" वेंडेल आठवडाभर धुमसला. आपण आयुष्यात एकच गोष्ट धड केली, आणि ती झालीच नव्हती म्हणे! पुरावा दाखवायलाच त्यानं ओकलंडच्या जुन्या खेळांच्या संग्रहालयात फोन लावला. तिथली मारिबेल केसादा यायला तयार झाली, पण तसल्या चिपा वाचायचं यंत्र आता त्या भागात एकाच माणसाकडे होतं. ड्वेनकडे.

"कसायाला बोलावलंस म्हणजे फारच अडलं असणार," ड्वेन आत येत म्हणाला.

"तोंड कमी चालव. हात नीट चालव."

"मी पुसलं ते साहेबानं सांगितलं म्हणून, वेंडेल. घरी पोरं होती."

"पोरं सगळ्यांनाच असतात."

"तुला नव्हती," ड्वेन म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

मारिबेल स्वयंपाकघरात फोनवर होती. ड्वेननं फ्रेम उतरवली, चिप काढून यंत्रात बसवली. पडद्यावर एकच अक्षर उमटलं, मग तेच, पुन्हा तेच, ओळीमागून ओळ. त्यानं चिप काढून पुसून परत बसवली. तेच. कोऱ्या चिपमध्ये असतं ते.

"हिच्यावर पट्टी नव्हती?"

"होती. फ्रेम करताना सोलली." वेंडेलचा आवाज उतरला होता. "काच दिसायला हवी होती ना लोकांना."

"आणि टांगलीस खिडकीसमोर."

"ती पेटी वेगळी, ड्वेन! घरातल्या उन्हानं काय होतंय?"

"पेटीत पाच-दहा मिनिटं लागतात. उन्हाला घाई नसते."

वेंडेल खुर्चीत बसला. मारिबेल दारात आली. "काय झालं, मिस्टर हॅस्किन्स? वाहतेय का नदी?"

वेंडेलनं पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "यानं पुसली. बसवताना काहीतरी चुकवलं यानं. याचा हातच तसला."

निर्लज्ज माणूस! पण ते वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज निघालं, जणू इतकी वर्षं जिभेवर तयारच होतं.

मारिबेल ड्वेनकडे बघत राहिली. त्यानं चिप काढून परत फ्रेममध्ये घातली, वायर गुंडाळली, यंत्र पिशवीत टाकलं आणि दारापाशी गेला.

"फ्रेम परत लाव, वेंडेल," तो म्हणाला. "भिंतीचा रंग किती उडालाय ते दिसतंय."

मारिबेलनं मान वळवली. सगळी भिंत उन्हानं पांढुरकी पडली होती, आणि मधोमध फ्रेमएवढा चौकोन गडद हिरवा, कालच रंगवल्यासारखा. तिनं समोरच्या खिडकीकडे पाहिलं, मग चिपवरच्या उघड्या काचेकडे. तिनं फक्त आपली पर्स उचलली.

ती दोघं गेल्यावर वेंडेलनं फ्रेम उचलली आणि त्या चौकोनावर नीट बसवली.