आंब्याची साल

आमच्या गल्लीत जीवशास्त्राच्या निवृत्त बाई राहतात. त्या माणसांआधी झाडांची विचारपूस करतात. आधी पान उलटून बघतात, खोडावरून बोट फिरवतात आणि मग आपल्याकडे वळून म्हणतात, "बरे आहात की?"

गेल्या वर्षी शेळ्यांनी कोपऱ्यावरच्या आंब्याची साल खोडाभोवती पूर्ण कुरतडली. झाड जाणारच म्हणून शेजारचे काका कुऱ्हाड घेऊन आले. बाई खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"पानांनी केलेलं अन्न या सालीतूनच मुळांना जातं. साल तुटली म्हणून मुळं उपाशी आहेत, मेलेली नाहीत. मी जोडते की!"

त्यांनी त्याच आंब्याच्या कोवळ्या काड्या कापल्या. प्रत्येकीचं एक टोक जखमेखालच्या सालीत आणि दुसरं वरच्या सालीत खोचलं, जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी आवळलं. वरून जोडांवर मेण लावलं. पुढे कित्येक दिवस त्या रोज सकाळी आधी त्या पट्ट्या तपासून यायच्या.

यंदा पट्ट्या सोडल्या, तर काड्या जाड होऊन खोडाशी एकजीव झालेल्या! वर तांबूस पालवी लखलखत होती. बाईंनी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

"या की सगळे, लवकर या!"

पहिला पेढा त्यांनी काकांच्या तोंडात कोंबला. झाड वाचलं म्हणून वाटलेले पेढे मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ले.