लिअँडरकाकांनी सारखी केलेली जमीन

गुलामगिरी सुटल्यावर आमच्या पणज्यांनी नदीकाठची, कुणालाच नको असलेली दलदल विकत घेतली, आधी चर्च उभारलं आणि त्यामागे दफनभूमी आखली. नावाचा दगड कुणाला परवडत नव्हता. म्हणून माणसाने शेवटचं हाताळलेलं भांडं फोडून त्याच्याच कबरीवर ठेवायचं. निळी किटली म्हणजे सायलसआजोबा, कान तुटलेला दुधाचा जग म्हणजे अर्झुलाताईची आई. आमच्या गिल्याद वस्तीत दुसरी खूण नाही.

ही जागा लिअँडर प्रुइटकाका राखतात. गवताचं पातं उगवू देत नाहीत. यंदा ऑगस्टात शिकागो-ह्यूस्टनला गेलेली लेकरं गावी यायची होती, तेव्हा काकांनी सगळी भांडी ढकलगाडीत भरली आणि फळी ओढून जमीन सारखी केली. मेळावा झाला की जागच्या जागी ठेवू, असा हिशेब. कोण कुठे आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. पाहुण्यांनी जागा वाखाणली, पंगतीत भाजलेल्या डुकराची पहिली फासळी काकांच्याच ताटात पडली.

पाहुणे गेल्यावर ते गाडी घेऊन तिथे उभे राहिले, आणि उभेच राहिले. कबरींचे उंचवटे गेले होते, सगळी माती एकसारखी. शेवटी भांड्यांसकट गाडी छपराखाली लोटली. कुणी विचारलं तर भांडी धुतोय म्हणायचे.

बोलावं लागलं ते अर्झुलाताईमुळे. डॉक्टरांनी तिची आशा सोडली होती. तिनेच काकांना बोलावून घेतलं. मी तिच्या ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होते.

"लिअँडर, आईच्या उजव्या अंगाला माझी जागा धर," ती म्हणाली. "आणि सरळ खण बाबा. तुझ्या मक्याच्या सऱ्यांसारखं वाकडं नको."

काका हसले नाहीत. टोपी हातात चुरगाळत म्हणाले, आई कुठे आहे ते आता मला सांगता येत नाही. मग एकेक करून सगळं सांगितलं.

"उचललीस कशाला पण?"

"शहरातली पोरं फुटकी भांडी बघून हसतील वाटलं. लाज वाटली, ताई."

"माझ्या आईची?"

ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग कुंपणापाशी खण," ती म्हणाली. "अंदाजाने खणायला जाशील आणि आईवरच फावडं बसेल."

ऑक्टोबरात ती कुंपणापाशी एकटी निजली. खड्डा काकांनीच खणला, सूत धरल्यासारखा सरळ. माती लोटायची वेळ आली तेव्हा मात्र फावडं दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला झाले.

रविवारी ते आता अगदी मागच्या बाकावर बसतात. प्रभूच्या प्रार्थनेत सगळ्यांबरोबर ओठ हलवतात, 'आम्हांला क्षमा कर' आलं की गप्प होतात. तेवढे शब्द मी दोनदा म्हणते.