पाणी मुरायला लागणारा वेळ

गावी घर बांधायला काढलं तेव्हा शौचालयाच्या नकाशासाठी पंचायत समितीतून एक इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. त्यांनी परसात हातभर खड्डा खणून घेतला, त्यात बादलीभर पाणी ओतलं आणि घड्याळ बघत काठाशी बसल्या. पाणी बघता बघता नाहीसं झालं.

"किती झटपट मुरलं," मी खुशीत म्हटलं.

"तेच वाईट आहे," त्या म्हणाल्या. "खाली जांभा आहे. त्याच्या भेगांतून घाण न गाळताच जाईल आणि उतारावर शेजाऱ्यांची विहीर आहे. शोषखड्डा नको. सेप्टिक टाकीपुढे वाळू-खडीचा, तळ बंद केलेला वाफा करा, त्यात कर्दळ लावा, ती पाणी शोषून घेते. नकाशा मात्र मापांसकट नव्यानं द्यावा लागेल."

मला ही अडवणूक वाटली. तेवढ्यात शेजारच्या शांताकाकू बाईंसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "उन्हात बसलायत. आमच्या विहिरीचं आहे, घ्या. सून बाळंतपणाला टेकलीये, तीही हेच पिते."

बाई सगळं पाणी प्यायल्या. मी मान खाली घातली. आपण फ्लशचं बटण दाबतो आणि मोकळे होतो. पुढे ते पाणी कुणाच्या दारात पोचतं, हे बघायला कुणी उन्हात बसलं, तर आपल्याला त्याचाच राग येतो.

संध्याकाळी मी नवा नकाशा काढायला बसलो. वाफ्याची लांबी लिहिताना बाईंनी निघताना सांगितली होती त्याहून दोन हात जास्तच लिहिली.