नळीवर नाव नव्हतं

चूक माझीच होती. कर्करोगाच्या जनुकीय संशोधनासाठी मोहाडीत रक्ताचे नमुने घेताना, एका मावशीने संमतीपत्रावर सही करावी म्हणून मी म्हणालो, "रिपोर्ट येईल." खरं तर नळीवर फक्त क्रमांक असतो, रिपोर्ट कुणालाच मिळत नाही.

तिच्या आईला, बहिणीला, मग तिलाही स्तनाचा कर्करोग झाला होता. दर आठवडी बाजाराला ती माझ्याकडे यायची, स्तन काढलेल्या बाजूवर पदर ओढायची अन् हसायची, "काहून भाऊ, माह्यं रक्त पायीच गेलं का नागपूरले?"

एकदा ती हसली नाही. "पोरीले पाहाले पाव्हणे आले होते. म्या परत धाडले. आपला रोग तिले हाये का, ते कळल्याबिगर दुसऱ्याच्या घरी कशी देऊ?"

"मावशी, रिपोर्ट येणारच नव्हता. मी खोटं बोललो. मले माफ करा."