ट्रकखालचे दोन पाय

सकाळी दहाला मी वामनभाऊंशी बोललो. बोललो म्हणजे, भांडलोच. अकराला आमच्या दारात सायकल उभी करून मेश्राम आत आले आणि म्हणाले, "गुरुजी, वामनभाऊ गेले." मी हातातला पेपरसुद्धा खाली ठेवला नाही. म्हटलं, "काहीबाही बोलू नका. आत्ताच त्यायले भेटून आलो मी." मेश्राम वामनभाऊंचे अगदी भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, उगाच काही बोलणारा माणूस नव्हे. ते म्हणाले, "मीबी भेटलो होतो जी सकाळी. सगळेच भेटले होते त्यायले..."

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. वामन खोब्रागडे, वय अवघं बावन्न, दम्याचा नाही, साखरेचा नाही, तंबाखूच्या चिमटीपलीकडे कसलं व्यसन नाही. असा माणूस रविवारच्या लख्ख उन्हात, भर रस्त्याकडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. हे मला अजून पटत नाही. मी शाळेत मराठी शिकवतो, दुसऱ्यांच्या पोरांना निबंध लिहायला लावतो, पण हे लिहायला बसलो की पहिल्या ओळीपाशीच हात थांबतो.

ज्यांनी भद्रावतीहून चंद्रपूरला एसटीनं ये-जा केली असेल, त्यांनी वामनभाऊंचं घर नक्की पाहिलेलं आहे. घर लक्षात नसेल, ट्रक असेल. दोन खोल्यांचं घर आणि त्याच्यापेक्षा उंच असा तो हिरवा मिलिटरी ट्रक अंगणात उभा. वामनभाऊ पलटणीत गाड्यांचे मेकॅनिक होते. तिकडून निवृत्त होऊन इथल्या कारखान्यात गाड्यांच्याच दुरुस्तीवर लागले. ट्रक त्यांना सापडला तो सासुरवाडीत. कौसल्यावहिनींचं माहेर मुलचेऱ्याकडचं. तिथल्या जुन्या लाकूड डेपोत तो पडून होता. मोठ्या लढाईत आलेला, लढाई संपल्यावर विकला गेलेला, मग वीसेक वर्षं कुणा ठेकेदारासाठी जंगलातून सागवानाचे लठ्ठे ओढून ओढून दमलेला. इंजिनाच्या जागेतून पळसाचं झाड वर आलं होतं. आमच्याकडे जावई सासरहून येताना तांदळाचं पोतं घेऊन येतो. ब्याऐंशी साली या जावयानं दुसऱ्या ट्रकवर लादून हा ट्रक आणला. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माहेरची आठवण म्हून एवढं लोखंड कोणी आणते काय जी?"

"आपल्या पायानं चालत जाईन हा तुझ्या माहेरी," वामनभाऊ म्हणाले. "अन् तू समोर बसशीन, माह्या बाजूले."

त्या वचनाला त्यांनी चार वर्षं स्वतःला जुंपून घेतलं होतं. पहिल्या वर्षी सीटखालून साप निघाला आणि उंदरांची तीन घरटी. दुसऱ्या वर्षी सगळं इंजिन अंगणात उघडलं गेलं. भाकरीच्या परातीत रॉकेल आणि रॉकेलात इंजिनाची हाडं. नवी परात आली तेव्हा तिच्यावर वहिनींनी कोळशानं भली मोठी फुली मारून ठेवली, ही जेवणाची म्हणून. एखादा सुटा भाग मिळेना की वामनभाऊ नागपूरच्या भंगार बाजारात दिवस घालवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं तळहाताएवढी वस्तू फडक्यात गुंडाळून आणायचे. मी म्हणायचो, एवढ्या खटपटीत तुमचा एम.ए. झाला असता. ते म्हणायचे, "एम.ए. सुरू होते काय हँडल मारल्यावर?" ट्रक मात्र झाला सुरू. ज्या दिवशी झाला त्या दिवशी धुरानं आख्खी गल्ली खोकत होती आणि हसत होती.

आता त्या पायांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. रविवारी वामनभाऊ ट्रकखाली बारदाना टाकून उताणे झोपत आणि दुपारपर्यंत तिथेच. बाहेर फक्त दोन पाय, घोट्यापासून पुढे, अनवाणी. उजव्या अंगठ्याचं नख जॅक पडल्यापासून काळं. दोन्ही हातांत पाने आणि तोंडात बारकी टॉर्च धरलेली असल्यामुळे त्यांना बोलता येत नसे. मग पाय बोलत. उजवा अंगठा हलला की हो. दोन्ही पावलं इकडून तिकडे झाली की नाही. सगळी गल्ली ही भाषा शिकली होती. दूधवाला विचारी, "भाऊ, अर्धा शेर ज्यादा देऊ?" अंगठा. मेश्राम विचारत, "पाना नेऊ काय जी?" अंगठा. रस्त्यानं जाणारा कुणीही "जय भीम भाऊ" म्हणे आणि अंगठा जय भीम घेई. मी तर त्या पायांशी घरच्या कटकटींपासून राजकारणापर्यंत तासन्‌तास बोललेलो आहे. तोंडापेक्षा त्या पायांनीच माझं जास्त ऐकून घेतलं असेल.

मी बोलायला जात होतो तसा कामालाही जात होतो. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर बसून पॅडल दाबतो, दुसरा खाली चाकापाशी बारीक बोंडी सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर जाऊ देतो. एवढ्या कामापुरती टॉर्च तोंडातून निघायची. खालून आवाज येई, "दाबा... धरा..." मग बोंडी पुन्हा आवळली की "सोडा". त्या 'सोडा'च्या आधी पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. "गुरुजी, डोकं घरी ठेवून या," वामनभाऊ म्हणायचे, "मले फक्त तुमचा पाय पाह्यजे." तीन चाकं झाली होती. मागचं डावं एकच उरलं होतं. ते झालं की मुलचेरा.

ते गेले त्याच्या आदल्या रविवारी त्याच चाकावर आमचं बिनसलं. मी पॅडल दाबून धरलं होतं आणि रस्त्यावरून आमच्या शाळेतले एक जण चालले होते. त्यांनी हाक मारली, मी खिडकीतून वळलो आणि पाय सुटला. वामनभाऊ खालून बाहेर आले ते तेलानं माखलेलं तोंड घेऊन. "मी 'धरा' म्हणलो होतो नं? 'सोडा' म्हणलो काय मी? वर्गात पोरायले ध्यान द्या म्हणता अन् तुमचं ध्यान कुठी राह्यते?" चारचौघांत बोलले. मला झोंबलं. "तुमचा नोकर नाई मी," म्हणून मी चप्पल घालून निघालो. आठवडाभर त्या रस्त्यानं गेलो नाही. शनिवारी मेश्रामांजवळ त्यांचा निरोप आला, "गुरुजीले म्हणा, आठ वाजता पाय पाठवा." मनातून मी विरघळलो होतो. पण माझा स्वभाव असा की लगेच गेलो तर आपण पडलो असं वाटतं. म्हटलं, जरा वाट पाहू दे. आठला जायचं ते मुद्दाम दहाला गेलो.

पाय बाहेर होते. पावलांजवळ कपबशी ठेवलेली होती. मी पुन्हा पायांकडे न बघता उभ्याउभ्याच म्हटलं, "आणला बाप्पा पाय. घ्या वापरून." खालून शब्द नाही. मग म्हटलं, "चूक माझी होती, पण चारचौघांत बोलायचं काऊन?" काही नाही. मी आणखी बरंच बोललो, ते सगळं इथे लिहवत नाही. शेवटी म्हटलं, "राहा मग तसेच, फुगून," आणि वळलो. वाकलो नाही. कंबर मोडून हातभर खाली वाकायचं होतं फक्त...

साडेदहाला वहिनी कप न्यायला आल्या. कप भरलेला होता, चहावर साय धरली होती आणि सायीवर मुंगळे. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं चहा कधी निवू दिला नव्हता. वहिनींनी हाक मारली नाही, सरळ दोन्ही घोटे धरले आणि ओढलं. मेश्राम धावले. तोंडातली टॉर्च मानेपाशी पडली होती आणि दिवसाउजेडी जळत होती, असं ते सांगतात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय, एका क्षणात, कुणी शेजारी बसलेलं असतं तरी काही करू शकलं नसतं. नेमकं केव्हा, ते त्यांना सांगता आलं नाही.

पण ते 'केव्हा'च आमच्या सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं. साडेनऊला मेश्राम पाना मागायला आले होते, अंगठा हलला म्हणून पेटीतून पाना घेऊन गेले. पावणेदहाला वहिनींनी चहा ठेवला. चूल पेटलेली होती म्हणून त्या ठेवून तशाच आत गेल्या, पायांकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आणि दहाला मी. साडेनऊ ते साडेदहाच्या त्या तासाभरात केव्हातरी वामनभाऊ गेले. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. चार दिवस त्यांनी धड खाल्लं नव्हतं. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमी आले तवा अंगठा हालला होता काय?"

त्या काय विचारत होत्या ते मला कळलं. हलला नसेल, तर कदाचित पावणेदहालाच सगळं संपलं होतं आणि गेलेल्या माणसाच्या पायांशी कप ठेवून त्या आत गेल्या होत्या. हलला असेल, तर चहा ठेवला तेव्हा ते होते, आणि पाठ फिरवून गेलो तो मी. मला खरंच आठवत नाही. रागात माणूस पाहतो कुठे? मी तर त्या दिवशी अंगठ्याकडे पाहायचंच नाही असं ठरवून आलो होतो.

"हालला होता वहिनी," मी म्हटलं. "चांगला हालला होता."

त्या उठल्या, आत गेल्या आणि थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर येऊन जेवायला बसल्या. मी मात्र भरल्या ताटावरून उठलो.

गेल्या रविवारी मेश्रामांजवळच निरोप आला. "कौसल्याबाईनं म्हणलं, गुरुजीले आठ वाजता पाठवा." मी पावणेआठलाच पोचलो. ट्रक तसाच उभा, फक्त हिरव्या रंगावर धूळ. वहिनींनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला होता आणि बारदाना झटकून चाकापाशी टाकला होता. कारखान्यातला एक ड्रायव्हर ट्रक मुलचेऱ्यापर्यंत न्यायला तयार होता. एक चाक राहिलं होतं.

"तुमाले जमते काय हे?" मी विचारलं.

"चार वर्सं पाने देऊन राह्यली मी. कोणचा पाना कुठी लागते ते माह्याबिगर कोणाले माहीत हाय?" त्या म्हणाल्या. मग टॉर्च पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, अंगठ्याचं तुमी मले खोटं सांगतलं. तुमचं तोंड पाह्यलं होतं मी. पण त्यानं मी चार घास जेवली."

त्या ट्रकखाली गेल्या आणि मी वर चढलो. सीटला अजून वामनभाऊंच्या तंबाखूचा वास होता. आरशात मागचं चाक दिसत होतं आणि चाकापाशी बाहेर आलेले दोन पाय, अनवाणी, जोडवी घातलेले.

"दाबा..." खालून आवाज आला. दाबलं. "धरा..."

धरलं. या वेळी रस्त्यानं कुणीही जावो, मान वळवायची नाही. पॅडलवर नजर ठेवून मी बसलो. पुढचा आवाज येईना. मनात वीसपर्यंत मोजलं. चाळीसपर्यंत मोजलं. "वहिनी?" काही नाही. आरशात पाय हलत नव्हते. "वहिनी!" आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, पॅडल सोडून मी खाली उडी मारली, गुडघ्यांवर पडलो आणि ट्रकखाली डोकं घातलं.

वहिनी बोंडीशी झटत होत्या. दोन्ही हातांनी पाना धरलेला, तोंडात टॉर्च. टॉर्चचा उजेड माझ्या डोळ्यांवर आला. त्यांनी ती तोंडातून काढली.

"काऊन सोडला जी? हवा शिरली नं!"

मी तसाच, मातीत हात टेकून, त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याही पाहत राहिल्या. मग त्यांनी तोंड फिरवलं, पदरानं डोळे पुसले की कपाळावरचं तेल ते मला दिसलं नाही, आणि म्हणाल्या, "जा, वर बसा. पह्यल्यापासून करा लागन आता."

मी वर चढलो आणि पॅडलवर पाय ठेवला.